सायकलला बसवलेलं इंजिन: प्लग ओला, ठिणगी पडते, तरी सुरू होत नाही

चढाची_सायकल

नमस्कार मंडळी. सायकलच्या फ्रेममध्ये बसतं ते टू-स्ट्रोक किट माझ्याकडे आहे, स्टिकरवर ८० सीसी लिहिलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चढ झेपत नाही आणि सायकल तर सोडवत नाही, म्हणून पुस्तिका समोर ठेवून मी स्वतः बसवलं. पाच आठवडे, साधारण ३०० किलोमीटर, इंजिन सुरेख चाललं. त्या पाच आठवड्यांत मला पुन्हा पंचविशीत गेल्यासारखं वाटत होतं.

गुरुवारी चढावर असताना ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि कुणी बटण दाबावं तसं इंजिन बंद पडलं. आचके नाहीत, गुरगुर नाही. तेव्हापासून सुरू होत नाही.

आतापर्यंत केलेलं सांगते. प्लग काढला, ओला होता, पेट्रोलचा वास. प्लग कॅपमध्ये घालून हेडला टेकवला आणि मागचं चाक फिरवलं, तर ठिणगी पडते, निळसर, आवाजासकट. तरी नवा प्लग घातला, फट ०.६ मिमी ठेवली. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं, लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल. पायडल मारून वेग घेतला की क्लच सोडते, इंजिन फिरतं, भक् भक् करतं, पण पकडत नाही. दोनदा तर एअर फिल्टरमधून पांढऱ्या धुराचा फुसका आला.

गुडघ्यामुळे दिवसाला पाच-सहा प्रयत्नांपेक्षा जास्त जमत नाहीत. आधी काय तपासू ते क्रमाने सांगाल का?

निखळलेली_चेन

ताई, सगळ्यात आधी हॅंडलवरच्या किल स्विचच्या (इंजिन बंद करायच्या बटणाच्या) वायरी सोडवून टाका. मॅग्नेटमधून, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागातून, निळी आणि काळी बाहेर येतात, त्या थेट सीडीआयच्या (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या डबीच्या) निळी-काळीला जोडा, बाकी काही जोडू नका. पांढरी वायर असेल तर ती एकटी इन्सुलेशन टेपने गुंडाळून ठेवा. ती कुठेही फ्रेमला टेकली तर ठिणगी मरते. माझी दोन महिने याच कारणाने बंद होती.

मल्टीमीटर असेल तर निळी-काळीमध्ये ओहम मोजा. मॅग्नेटमधल्या माझ्या चांगल्या कॉइलला ३५० च्या आसपास येतात. शून्य किंवा काहीच नाही आलं तर कॉइल गेली.

वाऱ्यावरची_वरात

मला तर सरळ कार्बोरेटर वाटतोय. जेट, म्हणजे त्यातलं पेट्रोलचं बारीक भोक, बंद झाला असणार. आणि ऑइल कमी पडतंय, पेट्रोल-ऑइल १६ ला १ करून बघा, म्हणजे लिटरला ६० मिलीच्या थोडं वर.

टूस्ट्रोक_काका

वरच्या दोघांनी मनापासून सांगितलंय, पण ताईंनी जे लिहिलंय ते पुन्हा एकदा नीट वाचू या.

जेट बंद असता तर प्लग कोरडा निघाला असता. प्लग ओला आहे, म्हणजे पेट्रोल पोचतंय, गरजेपेक्षा जास्तच पोचतंय. ऑइल वाढवलं तर ओला प्लग आणखी तेलकट होईल. लिटरला ४० मिली ठीक आहे, त्याला हात लावू नका. किल स्विच सोडवून बघायला हरकत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पण निळी ठिणगी पडतेय म्हणजे कॉइल आणि सीडीआय बहुधा धडधाकट आहेत.

माझं लक्ष दोन गोष्टींवर गेलं. एक, ‘टक्’ होऊन क्षणात बंद. दोन, फिल्टरमधून फुसका. ताई, तुमची ठिणगी पडतेय, पण वेळेवर पडत नाहीये असं मला वाटतं.

मॅग्नेटचं झाकण उघडलंत की क्रॅंकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) टोकावर फिरणारा चुंबकाचा तुकडा दिसेल, रोटर. क्रॅंकला एक खाच, रोटरला एक खाच, आणि दोन्हींत मिळून बसलेली अर्धचंद्रासारखी छोटी चावी, हाफ मून की. दट्ट्या (पिस्टन) वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडायला हवी, ती वेळ ही एवढीशी चावी सांभाळते. वरचा नट ढिला झाला की रोटर मागेपुढे हिसके खातो आणि चावी कापली जाते. मग रोटर क्रॅंकवर जरासा सरकतो. ठिणगी तेवढीच जोरदार पडते, पण भलत्या वेळी. आतल्या मिश्रणाने भलत्या वेळी पेट घेतला की धक्का मागे कार्बोरेटरकडे येतो. या इंजिनाला रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप, नसतो, त्यामुळे मध्ये अडवणारं काही नाही. तोच तुमचा पांढरा फुसका.

पण झाकण उघडण्याआधी आत साचलेलं पेट्रोल काढा, नाहीतर चावी बदलूनही इंजिन धरणार नाही आणि तुम्हाला वाटेल की काकांनी चुकीचं सांगितलं. पेट्रोलचा कॉक बंद. चोक उघडा. प्लग काढा. प्लगची कॅप तशीच लोंबकळत सोडू नका. दुसरा प्लग तिच्यात घालून त्याची बॉडी इंजिनाच्या धातूला टेकवून बांधा, आणि तो प्लगच्या भोकापासून जेवढा लांब जाईल तेवढा लांब ठेवा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो आणि ठिणगी जवळ असेल तर भडका होईल. उघड्यावर करा. मग क्लच सोडलेला ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून सायकल हाताने ढकला. पायडल नको, गुडघा सांभाळा. प्लग नसल्यामुळे दाब बनत नाही, सहज ढकलली जाते. वीस-पंचवीस पावलांत आतलं सगळं बाहेर येईल.

त्याच वेळी भोकावर अंगठा दाबून दाबही बघून घ्या. अंगठा फट्कन उडाला पाहिजे.

मग झाकण उघडा आणि काहीही हलवण्याआधी फोटो काढा. रोटरची कुठली बाजू बाहेर होती ते खडूने किंवा रंगाने खूण करून ठेवा. उलटा बसवला तर वेळ पुन्हा चुकते आणि तेव्हा मात्र डोकं चालेनासं होतं.

चढाची_सायकल

काका, इतकं समजावून सांगितलंत, फार आभारी आहे. आज सकाळी बसले.

आधी किल स्विच सोडवला, फरक नाही. निळी-काळीमध्ये ३४० ओहम. मग तुम्ही सांगितलंत तसं प्लग काढून अंगणात ढकलली. तिसऱ्या-चौथ्या पावलाला भोकातून पांढरट धुकं निघालं, समोर धरलेलं फडकं ओलंचिंब. एवढं पेट्रोल आत बसलं होतं! अंगठा चांगला उडतो.

मग झाकण. फोटो काढले, रोटरवर नखाला लावायच्या रंगाचा ठिपका दिला. पाना लावला तर नट दोन बोटांच्या जोराने फिरला. अजिबात आवळलेला नव्हता! रोटर हाताने सरकवला तर सहज निघाला आणि आत बघून मी थबकलेच. चावी मधोमध कापली गेली होती. अर्धा तुकडा क्रॅंकच्या खाचेत तसाच बसलेला, वरून चकचकीत घासलेला, आणि अर्धा रोटरच्या खाचेत. दोन्ही खाचा समोरासमोर यायला हव्यात, त्यांच्यात दोन मिलिमीटरचा तरी फरक पडला होता. क्रॅंकमधला तुकडा निघेना. शेवटी गोधडी शिवायच्या जाड सुईने एका टोकाला दाबला, तेव्हा दुसरं टोक वर आलं आणि चिमट्याने उचलला. चण्याच्या डाळीएवढा लोखंडाचा तुकडा!

आता तीन प्रश्न. रोटरच्या खाचेची एक कड थोडी वर आलीये, नखाला लागते. चालेल का? चावी म्हणून खिळ्याचा तुकडा घासून बसवता येईल का, की तशीच चावी आणू? आणि नट पुन्हा सुटू नये म्हणून काय करू? मी तो कधी उघडलाच नव्हता.

टूस्ट्रोक_काका

शाब्बास! सुईची युक्ती मी लक्षात ठेवीन.

खिळा नको. खिळ्याचं लोखंड मऊ, आणि गोल खिळा घासून अर्धचंद्र नेमका जमत नाही. तो जेवढा ढिला तेवढी वेळ हलती. त्याच मापाची चावी आणा. कापलेले दोन्ही तुकडे सोबत न्या आणि जुळवून घ्या.

खाचेची वर आलेली कड बारीक कानशीने फक्त सपाट करा. खाच रुंद करू नका. नवी चावी बसवून रोटर वर सरकवा आणि बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. डुलला नाही तर निर्धास्त राहा. डुलला तर रोटर बदला.

नट आवळताना क्रॅंक फिरायला नको. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडतात, दट्ट्या तिच्यावर अडतो. पण टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीला पोर्ट, म्हणजे मिश्रण आणि धूर आत-बाहेर जायची भोकं, असतात. दट्ट्या खाली असताना दोरी घातली तर ती पोर्टमध्ये शिरून कापली जाते. म्हणून दट्ट्या बराच वर आणा, पोर्ट झाकले गेले की मगच दोरी. दोरीचं टोक बाहेर राहू द्या. आट्यांवरचं तेल पुसून थ्रेडलॉकचा (नट जागच्या जागी धरणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, आणि तो रात्रभर सुकू द्या. रोटर आतल्या कॉइलच्या पट्ट्यांना घासत नाही हे हाताने फिरवून बघा. कॉइलचे दोन स्क्रूही आवळा.

आता, नट मुळात का सुटला? हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंजिन फ्रेमला धरणाऱ्या पट्ट्यांखाली काय ठेवलंय तुम्ही?

चढाची_सायकल

रबर ठेवलंय काका. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून दोन्ही पट्ट्यांखाली. कंप कमी होईल आणि फ्रेमचा रंग जाणार नाही म्हणून.

टूस्ट्रोक_काका

तेच. काढून टाका. हेतू चांगला होता, पण उलटं होतं. रबरावर बसलेलं इंजिन फ्रेमच्या विरुद्ध स्वतः थरथरत राहतं, आणि त्या थरथरीने आतले-बाहेरचे सगळे नट हळूहळू सुटतात. स्टिकरवर ८० असलं तरी ही इंजिनं बहुतेक ४७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३८ मिमी स्ट्रोकची (दट्ट्याच्या वर-खाली फेरीची) असतात, म्हणजे ६६ सीसी. एकच सिलिंडर, कंप असणारच. धातूला धातू टेकवून घट्ट आवळलंत की इंजिन आणि फ्रेम एक होतात. फ्रेमची नळी पट्टीपेक्षा बारीक असेल तर मध्ये ॲल्युमिनियमची किंवा पातळ लोखंडी पट्टी वळवून घाला. रंग जाईल थोडा, जाऊ दे.

हेडचे चार नट, सायलेन्सरचे दोन आणि कार्बोरेटरची क्लॅम्पही बघून घ्या.

निखळलेली_चेन

काका, माझ्यापण खाली रबर आहे. आज रात्रीच काढतो.

चढाची_सायकल

परवा नवी चावी मिळाली, दोन घेतल्या. रबर काढलं, पट्ट्या धातूवर बसवल्या, मागच्या बाजूला पातळ ॲल्युमिनियम लागलं. रोटर अजिबात डुलत नाही. थ्रेडलॉक रात्रभर सुकू दिला.

आज पहाटे अंगणातून बाहेर काढली. चोक अर्धा, चार पायडल, क्लच सोडला. पहिल्यांदा नुसती फिरली. दुसऱ्यांदा दोन ठोके देऊन थांबली. तिसऱ्यांदा धरली! मी चोक उघडायलाही विसरले, इतका आनंद झाला. आवाज वेगळा आहे, जास्त भरीव. हॅंडलला पूर्वी हाताला मुंग्या यायच्या तसं होत नाही, आणि मला वाटलं होतं रबर काढल्यावर वाढेल.

वीस किलोमीटर झाल्यावर झाकण उघडून नट तपासला. जागचा हललेला नाही. शेजारी नखाच्या रंगाची एक रेघ नटावरून रोटरवर ओढून ठेवलीये, म्हणजे पुढच्या वेळी पाना न लावताच कळेल.