शब्दचर्चा : पलटणीचा पाद्री आणि त्याच्या वरचे बिशप

सध्या एका इंग्रज लष्करी धर्मगुरूच्या आठवणी मराठीत आणते आहे. ‘चॅप्लन’ या शब्दाशी पहिल्याच पानावर अडले. कोशात ‘धर्मोपदेशक’ मिळतो, कुठे ‘पुरोहित’. पण हा माणूस गणवेशात आहे, जखमींच्या उशाशी रात्र काढतो, मेलेल्यांच्या घरी पत्रं लिहितो. पुरोहित म्हटलं की वास्तुशांतीची यादी घेऊन आलेले गुरुजी डोळ्यांपुढे येतात. ‘लष्करी धर्मगुरू’ अर्थाला बरोबर आहे, पण कुठला सैनिक अशी हाक मारेल?

त्याहून मोठी अडचण त्याच्या वरच्या माणसाची. मूळ पदनाम आहे ‘बिशप टु द फोर्सेस’. पहिल्या खर्ड्यात मी ‘लष्कराचे बिशप’ लिहिलं आणि परत वाचताना खटकलं. लष्कराचे डॉक्टर, लष्कराचे घोडे, तसे लष्कराचे बिशप? हे गृहस्थ लष्कराच्या नोकरीत नाहीत. कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, त्यांचे प्रतिनिधी म्हणून ते सैन्याकडे जातात. पदनामातला तो छोटासा ‘टु’ मुद्दाम घातलेला आहे आणि आपला ‘चे’ तो गिळून टाकतो. काय करावं?

वसईकर

पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर : पाद्री. शब्द पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आला, अर्थ बाप. पगार, चावी, बटाटा आले त्याच वाटेने. गंमत म्हणजे इंग्रज सैनिकांनी हा शब्द हिंदुस्थानात उचलला आणि आजही ब्रिटिश पलटणीत धर्मगुरूला ‘पाद्रे’ म्हणूनच हाक मारतात. म्हणजे तुमच्या पुस्तकातला शब्द आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेला आहे, तो परत घ्यायला संकोच कशाला?

एक मात्र सांगतो. आमच्याकडे चर्चमध्ये आता कोणी ‘पाद्री’ म्हणत नाही, ‘फादर’ म्हणतात, लिहिताना ‘धर्मगुरू’. बाहेरच्यांच्या तोंडी ‘पाद्री’ कधी कधी तुच्छतेने येतो, ते कानाला लागतं. पलटणीच्या संदर्भात तसं वाटत नाही. बिशपना ‘महागुरुस्वामी’ म्हणायची आमची रीत आहे, पण अँग्लिकन बिशपला ते लावू नका, ‘बिशप’च राहू द्या.

निवृत्त सुभेदार, कांदिवली

ताई, आपल्या सैन्यात हा हुद्दा आजही आहे. धर्मगुरू जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर असतो, नायब सुभेदार म्हणून भरती होतो. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू, ज्या पलटणीत जसे जवान तसा. जवान ‘पंडितजी’ म्हणतात, ‘पाद्री साहब’ म्हणतात. त्यामुळे पाद्री हा नुसता बोलीतला शब्द नाही, सरकारी भरतीच्या जाहिरातीत छापलेलं पदनाम आहे.

त्याच जाहिरातीत तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. पाद्रीच्या जागेसाठी अट असते की उमेदवाराला योग्य त्या चर्च अधिकाऱ्याकडून दीक्षा मिळालेली हवी आणि त्याचं नाव स्थानिक बिशपच्या मान्य यादीत अजून असायला हवं. ‘अजून’ या शब्दाकडे बघा. पदवी एकदा मिळाली की मिळाली, यादीचं तसं नाही. भरती करणार सैन्य, पगार सैन्याचा, शिस्त सैन्याची. पण हा माणूस पाद्री आहे की नाही, हे कर्नल साहेब ठरवू शकत नाहीत.

‘सेनापुरोहित’ सुचवणारे

राजपुरोहितासारखा सेनापुरोहित का नको? संस्कृत, नेमका, भारदस्त.

मूळ लेखिका

भारदस्त आहे खरा. पण राजपुरोहित राजाचा असतो, राजाच्या यज्ञासाठी आणि राजाच्या जयासाठी. लष्करी पाद्री युद्ध जिंकून देण्यासाठी नसतो. १९४९च्या पहिल्या जिनिव्हा करारात धर्मगुरूला डॉक्टरांच्या रांगेत बसवलं आहे, त्याला हल्ल्यापासून संरक्षण आहे. शत्रूच्या हाती सापडला तरी तो युद्धकैदी ठरत नाही, कैद्यांना गरज असेल तोवरच त्याला ठेवून घेता येतं. ‘सेनापुरोहित’ म्हटलं की रणशिंग ऐकू येतं. मला तो शब्द नको.

मुळात ‘चॅप्लन’ शब्दाच्या पोटात शस्त्र नाही, झगा आहे. टूर्सचा संत मार्टिन चौथ्या शतकातला रोमन सैनिक. त्याने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा फाडून दिला, अशी कथा आहे. पुढे तो झगा पवित्र अवशेष म्हणून फ्रँक राजांकडे राहिला आणि लढाईतही सोबत नेला जाई. लॅटिनमध्ये छोट्या झग्याला ‘कापेल्ला’, म्हणून तो सांभाळणारे ते ‘कापेल्लानी’. ‘चॅपल’ म्हणजे छोटं प्रार्थनाघर, तो शब्दही त्यातूनच आला. हे मराठीत एका शब्दात येणार नाही, तळटीप देईन.

सुभेदारकाका, तुमच्या ‘अजून’ने माझं अर्धं काम झालं. आता कॅथलिक बाजूचं एक कोडं मांडते, कारण पुस्तकात तिकडचे धर्मगुरूही येतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ एप्रिल १९८६ रोजी काढलेल्या फर्मानाने लष्करी धर्मसेवेची घडी नव्याने बसवली आणि तिच्या प्रमुखाला ‘मिलिटरी ऑर्डिनरी’ हे नाव आलं. भाषांतराच्या यंत्रावर घातलं तर ‘लष्करी सामान्य’ मिळतं! चर्चच्या कायद्यात ‘ऑर्डिनरी’ म्हणजे पदामुळेच ज्याच्याकडे अधिकार येतो तो. इथे सामान्यपणाचा काही संबंध नाही. ‘पदसिद्ध अधिकारी’ जवळ जातो, पण त्याला सचिवालयाचा वास येतो.

वसईकर

‘लष्करी धर्मप्रांत’ आणि ‘त्याचे बिशप’ असं केलं तर?

मूळ लेखिका

तेच आधी लिहिलं होतं, आणि मग ‘प्रांत’ने अडवलं. तुमचा वसई धर्मप्रांत नकाशावर दाखवता येतो. तिथे राहणारा कॅथलिक तिथल्या बिशपांचा. लष्करी बिशपांचा अधिकार जमिनीवर नसतो, माणसांवर असतो : सैनिक, त्याचं कुटुंब, बदली होईल तिथे. शिवाय स्थानिक बिशपांचा अधिकार त्याने संपत नाही, दोन्ही सोबत चालतात. म्हणजे प्रांत नसलेला धर्मप्रांत! अमेरिकेत तरी त्याला चक्क ‘आर्चडायोसीस’, म्हणजे आर्चबिशपांचा धर्मप्रांत म्हणतात. त्याआधी तिथे हे काम न्यूयॉर्कच्या आर्चबिशपांच्या गळ्यात होतं, १९३९पासून स्पेलमन यांच्याकडे. भारतात मात्र अशी वेगळी व्यवस्था नाही, म्हणूनच आपल्या जाहिरातीत ‘स्थानिक बिशप’ येतो. सगळं जुळतं.

आणखी एक घोळ टाळायला हवा. ‘चॅप्लन जनरल’ आणि हे बिशप एक नव्हेत. चॅप्लन जनरल सैन्यातला, पाद्रींचा वरिष्ठ अधिकारी. ब्रिटिश भूदलाचं पाद्री खातं १७९६चं, त्यालाही असा प्रमुख आहे. बदल्या, नेमणुका, हुद्दे ते खातं बघतं. बिशप दीक्षा देतो, पाठवतो, भेटायला जातो, सैनिकांना दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्कार देतो, आणि वेळ आली तर माणूस परत बोलावतो. दोघांनाही मराठीत ‘मुख्य धर्मगुरू’ म्हटलं तर पुस्तकातला निम्मा ताण नाहीसा होईल. कर्नलला पाद्री आवडेनासा झाला आणि बिशपने त्याची बाजू घेतली, असं एक अख्खं प्रकरण आहे.

माझगावहून

मुंबईचाच इतिहास बघा. सेंट थॉमस चर्च १७१८ला उघडलं ते ईस्ट इंडिया कंपनीचा चॅप्लन रिचर्ड कॉब याच्या खटपटीने. तेव्हा हिंदुस्थानात अँग्लिकन बिशपच नव्हता. कलकत्त्याला पहिला आला १८१४ला, मुंबईला १८३७ला. शंभराहून जास्त वर्षं इथे चॅप्लन होते आणि वरचा बिशप सातासमुद्रापार. चाकरी कंपनीची, म्हणून ‘कंपनीचा पाद्री’ हा ‘चा’ तेव्हा अगदी खरा होता.

मूळ लेखिका

हे फार उपयोगी. मी कुलाब्यात राहते, नेव्हीनगरच्या वाटेवर अफगाण चर्च लागतं. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं, १८५८ला बिशप हार्डिंग यांनी अर्पण केलेलं. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांविषयी एवढंच कोरलंय की ते इतके आहेत की नावं लिहिता येणार नाहीत. ते वाचल्यापासून मला वाटतं, ही नावं लक्षात ठेवणारा पलटणीत कोणी असेल तर तो पाद्री. म्हणूनच त्याला नुसतं ‘अधिकारी’ करणारा शब्द मला नको आहे.

तर आता असं लिहिते आहे : हाक मारताना ‘पाद्री’, निवेदनात ‘पलटणीचा पाद्री’, कागदपत्रांत ‘लष्करी धर्मगुरू’. बिशपांसाठी ‘सैन्याकडे पाठवलेले बिशप’, पहिल्या उल्लेखानंतर नुसतं ‘बिशप’. एक वाक्य तपासून द्याल का? “पलटणीचा पाद्री कर्नलच्या हुकमात होता, पण बिशपच्या यादीत होता.”

निवृत्त सुभेदार, कांदिवली

‘पण’च्या जागी ‘आणि’ करा. जवानाला ते दोन्ही एकदमच खरं वाटतं.