अनुभव धागा: साइट उघडेना, तेव्हा

फेब्रुवारी २०२५मध्ये तमिळ नियतकालिक ‘विकटन’ची साइट बंद झाली. निमित्त, पंतप्रधानांना बेड्यांत दाखवणारं एक व्यंगचित्र. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने साइट सुरू करायला सांगितलं, पण ते चित्र बाजूला ठेवूनच. असं काही तुमच्या वाट्याला आलंय? मतं नकोत, घडलेलं लिहा; टोपणनावाने चालेल.

जुनाट मोडेम
जुलै २००६. मुंबईच्या लोकल स्फोटांनंतर सरकारने जेमतेम वीसेक पानांची यादी धाडली आणि इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉग जिथे दिसायचे त्या अख्ख्या ब्लॉगस्पॉटलाच कुलूप ठोकलं. गंमत म्हणजे ते लिहायची जागा, ब्लॉगर डॉट कॉम, चालू होती! मी रोज लॉगिन करून लिहायचो, पब्लिशवर टिचकी मारायचो, लेख चढलाय असं कळायचं आणि स्वतःचा ब्लॉग बघायला जावं तर कोरं पान. ग्राहक सेवेतला मुलगा तीनदा म्हणाला, “सर, मोडेम बंद करून चालू करा.” शेवटी पीकेब्लॉग्जवरून वाचलं. ती पळवाट पाकिस्तानातल्या बंदीसाठी काढलेली. तेवढा शेजारधर्म पाळला गेला म्हणायचा.

तळटीप
एका छोट्या साइटचं तांत्रिक काम बघायचो. एके सकाळी ती काहींकडे उघडत होती, काहींकडे नाही. नोटीस नाही, ईमेल नाही. माहिती अधिकारात विचारलं तर एका ओळीचं उत्तर: आयटी कायद्याचं कलम ६९अ (साइट बंद करायचा सरकारचा अधिकार), २००९च्या नियमांतला नियम १६ (गुप्ततेचा), गोपनीय. कोर्टात जायचं तर आदेशाची प्रत हवी, आणि आदेशच गुप्त. वकिलाने हात टेकले.

काठावरचा
ऑगस्ट २०१२मध्ये ईशान्येकडची माणसं घाबरून बंगळुरू सोडत होती. तेव्हा अफवांची पानं बंद केली ते मला पटलं होतं. आजही पटतं.

तळटीप
पण त्या तीनशेवर दुव्यांत अफवा खोडून काढणारी पानंही गेली, त्याचं काय?

अबोली
माझं कुणी काहीच बंद केलं नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्या रात्री मी माझ्या जुन्या पोस्ट वाचत बसले आणि अकरा उडवल्या. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन लिहिण्याबद्दल अटक करता येणारं कलम ६६अ रद्द केलं (६९अ मात्र राहिलं). त्या अकरांतली आता एकच आठवते, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दलची.