घरच्या बॅकअपसाठी नास (घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घेऊ का पडीक डेस्कटॉपच कामाला लावू?

सिंहगडरोडकर

मंडळी नमस्कार. घरात दोन लॅपटॉप आहेत, माझा विंडोज ११ आणि बायकोचा मॅकबुक, शिवाय सगळ्यांचे फोन आणि हॉलमध्ये अँड्रॉइड टीव्ही. फोटो-व्हिडिओ ६०० जीबीच्या आसपास असतील, ते दोन यूएसबी डिस्कवर अर्धे इकडे अर्धे तिकडे, आणि कुठला फोल्डर नवा कुठला जुना हे आता देवालाच माहीत. गूगल फोटोजचं फुकट अनलिमिटेड जून २०२१ ला बंद झालं तेव्हापासून हे असंच चाललंय. त्यात मी बाबांच्या कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करायला घेतल्यात, तासाभराची वेव्ह फाइल ६०० एमबीच्या वर जाते, आणि ह्या गेल्या तर परत मिळणार नाहीत कारण काही कॅसेटींची पट्टी आत्ताच चिकटायला लागलीये.

डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, सायनॉलॉजी कंपनीचा दोन डिस्कवाला डबा आणि त्यात ४-४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये (एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर). दोन, घरात पडलेला ऑफिसचा जुना डेस्कटॉप (आय५ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम) त्यावरच काहीतरी टाकायचं. रेड १ केलं की बॅकअपचा विषय संपला ना? आणि आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते त्याचं काय करायचं?

अर्धवट_इंजिनियर

विषय संपला नाही राव, सुरूच झाला नाही अजून. रेड १ म्हणजे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, म्हणजे पोराने चुकून फोल्डर डिलीट केला तर दोन्हीकडून त्याच सेकंदाला गेला, रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाइली लॉक केल्या तर दोन्हीकडच्या झाल्या, आणि डबाच चोरीला गेला तर काय बोलायचं. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं एवढाच त्याचा फायदा. दुकानात असेल तर मोलाचा आहे, पण तुमच्या घरी दोन दिवस फोटो दिसले नाहीत तर कुणाचं काय अडणार आहे?

मी असतो तर त्या दोन डिस्क रेडमध्ये घातल्याच नसत्या. एक नासमध्ये आणि दुसरीवर रोज रात्री कॉपी, पण जुन्या व्हर्जन ठेवणारी कॉपी, नुसतं मिररिंग नाही. आणि कीर्तनं व फोटो तिसऱ्या एका यूएसबी डिस्कवर घेऊन ती पुण्याबाहेर कुणा नातेवाईकाकडे ठेवायची, दिवाळीला गेलात की अदलाबदल. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागा, एक घराबाहेर, हा जुनाच नियम आहे. वेव्हचं फ्लॅक करून ठेवा, आवाजात काही फरक पडत नाही आणि जागा बऱ्यापैकी वाचते.

तापकीर_गल्ली_रिटर्न

डेस्कटॉप आहे ना घरात, मग डब्याला पैसे कशाला? ओपनमीडियाव्हॉल्ट टाका, साध्या कॉम्प्युटरचा नास करणारं सॉफ्टवेअर आहे, खाली डेबियन लिनक्स असतं, कॉन्फिगरेशन सगळं ब्राउझरमधून. फक्त सिस्टिमसाठी एक छोटी एसएसडी वेगळी घ्या, कारण ज्या डिस्कवर ते टाकाल ती अख्खी ते स्वतःसाठी धरून बसतं. मॅकसाठी शेअरच्या (नेटवर्कवर उघडलेल्या फोल्डरच्या) सेटिंगमध्ये टाइम मशीनची, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या बॅकअपची टिक आहे, ती करताना जागेची मर्यादाही घाला नाहीतर टाइम मशीन हळूहळू सगळी डिस्क खाऊन टाकेल.

टीव्हीचं एक सांगतो. चौथ्या जनरेशनच्या आय५ ला एच २६५ (नव्या व्हिडिओंचा फॉरमॅट) हार्डवेअरवर डीकोड होत नाही, ते सहाव्यापासून सुरू झालं, १० बिटवालं तर सातव्यापासून. म्हणजे जेलीफिन (टीव्हीला व्हिडिओ पुरवणारं सॉफ्टवेअर) टाकलंत आणि त्याला व्हिडिओ कन्व्हर्ट करायची वेळ आली की सीपीयू हाशहुश करणार. पण अँड्रॉइड टीव्हीला बहुतेक फॉरमॅट स्वतःलाच चालतात, टीव्हीवर व्हीएलसी प्लेअर टाकून थेट शेअर उघडा, कन्व्हर्टची भानगडच नको.

डिस्क घेताना सीएमआर आहे का बघा, एसएमआर नको (त्यात माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहितात, मोठं लिखाण मंदावतं). २०२० मध्ये डब्ल्यूडीनेच (वेस्टर्न डिजिटल) कबूल केलं की त्यांच्या 'रेड' नावाच्या (वरच्या रेड १ शी संबंध नाही) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, नंतर सीएमआरवाल्यांना रेड प्लस नाव दिलं. सीगेटची आयर्नवुल्फ घेतली तर हा प्रश्न येत नाही.

निवांत_काकू

वरच्या दादांचं सगळं बरोबर आहे पण वीज कुणी मोजली का? जुना डेस्कटॉप नुसता बसून ३० वॅट खात असेल तरी महिन्याला २१-२२ युनिट होतात, दोन डिस्कचा डबा त्याच्या साधारण अर्ध्यात बसतो. आणि तुम्ही टूरवर असताना ते डेबियन रुसलं तर घरात कोण समजूत काढणार? आमच्याकडे ह्यांना लिनक्सचा नाद, मला माहितीये ते. मी सरळ तयार डबा घेतला, फोनवर त्याचं ॲप आहे, सासूबाईसुद्धा फोटो बघतात.

काहीही घ्या पण राउटरवर पोर्ट उघडून (बाहेरून आत यायची वाट करून) नास थेट इंटरनेटवर ठेवू नका हो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीचे असे उघडे ठेवलेले डबेच गाठले होते. बाहेरून बघायचं असेल तर टेलस्केल टाका (आपल्याच उपकरणांना खाजगी वाटेने जोडणारं ॲप), आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांचं सीजीनॅट (एकच इंटरनेट पत्ता अनेक घरांत वाटलेला) असतं, तिथे पोर्ट उघडून तसाही उपयोग नसतो, टेलस्केल मात्र चालतं.

वायरमन

कुणी वायरचं बोललंच नाही 😄 राउटरचे लॅन पोर्ट (वायर लावायच्या जागा) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत का ते आधी बघा, ब्रॉडबँडवाल्याने फुकट दिलेल्या बऱ्याच राउटरला १०० एमबीपीएसचेच असतात. १०० वर सेकंदाला ११ एमबी जातात, म्हणजे १ टीबी भरायला अख्खा दिवस आणि वर तास-दीड तास, तेच गिगाबिटवर अडीच तासात. भिंतीतली वायर जुनी असेल आणि लावणाऱ्याने आठपैकी चारच तारा जोडल्या असतील तरी १०० च मिळणार, मग तुम्ही सायनॉलॉजी घ्या नाहीतर अजून काही. पहिल्यांदा सगळा डेटा भरताना तरी वायफाय नको.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. राउटर उलटा करून बघितला, पोर्ट १०० चेच निघाले, म्हणजे आधी पाच पोर्टचा गिगाबिट स्विच येणार. डेस्कटॉपवरच सुरू करतो, रेड नाही, दोन डिस्क वेगवेगळ्या आणि तिसरी साताऱ्याला बहिणीकडे. काकू, विजेचं पटलं, फोनचे फोटो रात्री जातात तर दिवसा मशीन बंदच ठेवीन म्हणतो. लाईटचं राहिलं, घरात इन्व्हर्टर आहे, तो पुरेल का वेगळा यूपीएस घेऊ?

वायरमन

इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असं बटण असतं बघा. नॉर्मलवर असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला तो जरा वेळ घेतो, पंख्याला कळत नाही पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, आणि त्या क्षणी डिस्कवर काही लिहिणं चालू असेल तर लागली वाट. यूपीएसवर करा, बहुतेक भागतं. पण बॅटरी संपत आली की इन्व्हर्टर डेस्कटॉपला सांगणार नाही, धाडकन बंद होईल. छोटा यूएसबीवाला यूपीएस घेतलात तर ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये नट नावाचं प्लगइन आहे, ते बॅटरी उतरली की मशीन व्यवस्थित शटडाऊन करतं. त्यासाठी ती यूएसबी वायर डेस्कटॉपला लावावी लागते, लोक ती खोक्यातच ठेवतात.