मदत हवी आहे: बालवाडीत वस्तीतली माणसं यावीत, पण त्याचं 'पाहुण्यांचं भाषण' होऊ नये (सातपूर, नाशिक)

ओसरीवाली:
नमस्कार मंडळी. सातपूरच्या कामगार वस्तीत बालवाडी आहे. 24 मुलं, वय तीन ते सहा, सगळी एकाच खोलीत. खोली 16 बाय 20 फूट, पुढे ओटा, ओट्याच्या कडेला नळ. एक ताई, एक मदतनीस. वेळ साडेनऊ ते साडेबारा, मध्ये खिचडी. वस्तीत भाजीवाल्या मावश्या आहेत, एक शिंपी, एक सायकलवाले काका, कंपनीत जाणारे वडील आणि घरोघरी आज्या. ही माणसं आठवड्यातून एकदा आत यावीत, मुलांनी त्यांच्याकडून काही शिकावं असा विचार आहे. सध्या होतं असं, की पाहुणा खुर्चीवर, मुलं ओळीत, दहाव्या मिनिटाला ढकलाढकली आणि शेवटी टाळ्या.

अडचणी अशा:
– मुलांना गुंतवून ठेवेल असं नेमकं काय करायचं, किती वेळ, किती जणांना घेऊन?
– पालक म्हणतात, "भाजी निवडायला पाठवत नाही पोरांना, अ आ इ ई लिहायला शिकवा." त्यांना काय सांगायचं?
– बरीच घरं धुळे-जळगावकडची, घरात अहिराणी. काही घरी हिंदी. चार-पाच मुलं वर्गात बोलतच नाहीत.
– महिन्याला साहित्यासाठी 600 रुपये, त्यापलीकडे काही नाही.

आजी-आजोबा दिन वगैरे सुचवू नका, तो होतोच.

---

पाटीपेन्सिल:
माणसाला बोलावू नका, त्याच्या कामाला बोलवा. खुर्ची काढली की अर्धा प्रश्न सुटतो. पाहुणा खाली सतरंजीवर बसेल, समोर त्याचं रोजचं काम असेल आणि त्या कामातला एक तुकडा मुलाच्या हातात असेल.

सगळी 24 मुलं एकदम बसवू नका. एका वेळी सहा, फार तर आठ. पाहुणा ओट्यावर, दार उघडं. बाकीच्यांपैकी दहा जणं ताईंकडे गोष्ट किंवा ठोकळे, उरलेली मदतनीसांकडे पाण्याचा किंवा वाळूचा खेळ. 15 ते 20 मिनिटांनी गट बदलायचा. आठ-आठच्या तीन फेऱ्या म्हणजे तासाभरात सगळे होतात. आत खेळणाऱ्यांना बाहेर काय चाललंय ते दिसत असतं, म्हणून आपली पाळी येईपर्यंत निम्मं शिकून झालेलं असतं.

तोच पाहुणा सलग चार आठवडे यावा. पहिल्या दिवशी मुलं माणसाकडे बघतात, दुसऱ्या वेळी वस्तूकडे, काम करायला लागतात ती तिसऱ्या वेळी. दर आठवड्याला नवा चेहरा आणलात तर पहिल्याच पायरीवर घुटमळत राहाल.

काम निवडताना तीन गोष्टी बघा: तीच क्रिया पुन्हापुन्हा करता येते का, वाट बघत बसावं लागत नाही ना, आणि शेवटी काही तयार झालेलं दिसतं का. मेथी निवडणं, वाती वळणं, झेंडूची माळ ओवणं, कपड्यांच्या घड्या घालणं या कसोटीला उतरतात. शिलाई मशीन उतरत नाही, कारण चालवणारा एक आणि बघणारे सात. शिंपीकाकांना चिंध्या, मोठी बटणं आणि मोजायची टेप घेऊन बोलवा. एकमेकांचं डोकं, दंड, पाऊल टेपने मोजण्यात वीस मिनिटं कुठे जातात कळत नाही. आकडा वाचता आला नाही तरी चालेल. जिथवर टेप पोचली तिथे दोरा कापायचा आणि सगळ्यांचे दोरे भिंतीवर शेजारी शेजारी लावायचे. बटणं फक्त मोठ्या मुलांच्या गटात ठेवा.

माळ ओवायला टोकदार सुई नको. दोऱ्याचं टोक वितळलेल्या मेणात बोटभर बुडवून वाळवलं की कडक होतं, तीच सुई. मेण अर्थातच तुम्ही आदल्या दिवशी लावून ठेवायचं.

पाहुण्याला आदल्या दिवशी पाच मिनिटं भेटून एवढंच सांगा: हळू करा, विचारलं तर उत्तर द्या, आणि मुलाने वेडंवाकडं केलेलं त्याच्यासमोर नीट करू नका. हे शेवटचं आज्यांना सगळ्यात अवघड जातं.

---

स्पॅनर_वाला:
कंपनीतल्या वडिलांसाठी: नट-बोल्ट. पण लहान नकोत. साधी चाचणी अशी, की सव्वा इंच रुंद आणि सव्वादोन इंच खोल नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते, म्हणून वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलांच्या हाती द्यायची नाही. एम-12 चा, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा, नट त्यात सहज मावतो. एम-24 चा मावत नाही. वजनदार असतो, म्हणून बसूनच, खाली गोणपाट घालून. ग्रीस असलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात मोठ्यांनी घासून घ्यावेत, धारेचे कोपरे कानशीने मोडावेत. तीन मापांचे प्रत्येकी चार जोड पुरतात. मुलं नट फिरवतात तेव्हा अंगठा आणि दोन बोटं जी हालचाल करतात, तीच पुढे पेन्सिल धरताना लागते. पालकांना हे दाखवा.

सायकलवाल्या काकांचं पंक्चर काढणं तर फारच छान. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब दाबायची आणि बुडबुडा शोधायचा. पाणी चार बोटं पुरे. चिकटवायचं सोल्युशन मात्र मुलं आत गेल्यावरच उघडायचं, त्याचा वास डोक्यात जातो.

आणि वेळेचं. वडील येत नाहीत ही तक्रार सगळीकडे असते, पण बोलावतात पहिल्या पाळीवाल्यांना. सात ते तीन वाला दहा वाजता येणार कसा? दुसऱ्या पाळीचे लोक सकाळी घरी असतात. पाळी दर आठवड्याला बदलते, तेव्हा रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याची पाळी विचारून घ्या. रात्रपाळीवाल्याला बोलावू नका, त्याला झोपू द्या.

---

रानजाई:
लिहायला शिकवा म्हणणाऱ्या पालकांबद्दल. व्याख्यान देऊ नका, पालकसभेत त्यांच्याच हातात पेन्सिल द्या. डाव्या हाताने (डावखुरा असेल तर उजव्या) एका ओळीत स्वतःचं नाव पाच वेळा लिहायला सांगा. दुसऱ्या नावापाशीच मनगट भरून येतं, ओळ सुटते, पेन्सिल जास्त दाबली जाते. चार वर्षांच्या मुलाचं यापेक्षा कठीण असतं, कारण त्याच्या मनगटाची हाडंही अजून पूर्ण तयार झालेली नसतात. यानंतर "मग हात तयार कशाने होतो?" हा प्रश्न पालकच विचारतात. तेव्हा मटार, माती, घड्या, नट हे सगळं समोर मांडून ठेवलेलं असू द्या.

रोजच्या रोज दाराशी फळा. दोनच ओळी: आज काय केलं, त्याने काय होतं. "मेथी निवडली. देठ आणि पान वेगळं करताना चिमूट पक्की होते, वर्गीकरण होतं, जुड्या मोजल्या." न्यायला येणारी आजी किंवा मोठी बहीण तेवढं वाचून घरी सांगते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलानेच दाखवावं, म्हणून फळ्याखाली त्या दिवशीची खरी वस्तू ठेवायची.

तरीही पुढच्या वर्षी पहिलीला जाणाऱ्यांच्या पालकांची धास्ती खोटी नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, पहिली-दुसरी त्यातच येते, हे त्यांना सांगा. पाच वर्षांवरच्या मुलांना नावाच्या चिठ्ठ्या द्या: हजेरीला स्वतःची चिठ्ठी शोधून खिळ्याला अडकवायची. अक्षरओळख अशी सुरू झाली की कुणी अडवत नाही, आणि घरीही दाखवण्यासारखं काही मिळतं.

---

सुटसुटीत:
मटार लहान गटाला देऊ नका. तीन वर्षांची मुलं दाणे नाकात घालतात. त्यांना मेथी, मोठ्यांना मटार.

---

ओसरीवाली:
सगळ्यांचे आभार, विशेषतः पाळीचं अगदी लक्षात आलं नव्हतं. दोन प्रश्न राहिले. कुंभाराची माती आणली तर ती दोन दिवसांत दगड होते, आणि कणकेचा गोळा जुलैत चिकट रबडी. दुसरं, अहिराणी बोलणाऱ्या आज्या "आमचं मराठी शुद्ध नाही" म्हणून यायला तयार नाहीत.

---

चिखलपाय:
माती: जुन्या नाशकात कुंभारवाड्यात मळलेली माती मागा, सुकी भुकटी नको. मुलामागे पाव किलो धरा. आठांचा गट म्हणजे दोन किलो, आणि तीच माती तिन्ही फेऱ्यांना वापरायची, म्हणून एकदाच पाच किलो आणलीत तरी भरपूर. काम संपल्यावर सगळे तुकडे गोळा करून नारळाएवढे गोळे करायचे, प्रत्येकाला अंगठ्याने खोल खड्डा पाडायचा, त्यात पाणी भरायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवायचे. खड्ड्यातलं पाणी रात्रभर आत मुरतं. फडकं दोन दिवसांनी पुन्हा ओलं करा. दगड झालीच तर फेकू नका: पूर्ण वाळू द्या, फोडा, पाण्यात दिवसभर बुडवा, वरचं पाणी ओता आणि गोणपाटावर पसरून मळण्याजोगी होईपर्यंत ठेवा. अर्धवट ओली माती पाण्यात घातली तर गाठी राहतात, पूर्ण वाळलेली नीट विरघळते.

मुलांना कामाच्या वेळी पाण्याची वाटी देऊ नका, ओला स्पंज द्या. वाटी दिली की पाच मिनिटांत चिखल, आणि मग बोटांत जोर लावायला काही उरतच नाही.

कणीक: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक चमचा तेल, पाऊण वाटीच्या आसपास पाणी, थोडं थोडं घालत. रंगाला हळद किंवा बिटाचा रस; रस घातलात तर तेवढं पाणी कमी. मीठ टिकवतं खरं, पण हवेतला ओलावाही तेच ओढतं, म्हणून पावसाळ्यात पाघळते. जून ते सप्टेंबर मीठ अर्धी वाटी करा, थोडीच मळा, त्याच दिवशी संपवा. त्या महिन्यांत मातीच बरी, कारण तिलाही वाळायची घाई नसते. हाताला जखम असेल त्या मुलाला मिठाची कणीक झोंबते.

तांबट आळीतला कारागीर बोलवायचा मोह नाशिककरांना होतोच. 16 बाय 20 च्या खोलीत पितळेवरचे ठोके मुलांच्या कानाला फार होतात. बोलवायचंच तर मैदानात, आणि मुलं लांब.

---

तापीकाठची:
आज्यांना "शिकवायला या" म्हणू नका, "गोष्ट सांगायला" पण नको. "वाती वळायला या, मुलं बसतील शेजारी" म्हणा. हात कामात असले की बोलणं आपोआप घरच्या बोलीत येतं, आणि तेच हवंय. न बोलणारी मुलं मुकी नसतात. वर्गाची भाषा ऐकून साठवत असतात, हे काही महिनेही चालू शकतं. त्यांना "बोल, बोल" करू नये. घरची बोली वर्गात मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकू आली की ती लवकर मोकळी होतात.

ताईंनी आजीकडून सहा गोष्टी अहिराणीत आणि हिंदीत कशा म्हणतात ते लिहून दारामागे लावावं: पाणी हवं, शी-शू लागली, दुखतंय, नको, भूक लागली, आई कधी येणार. मूल रडतं तेव्हा मराठी समजावणीपेक्षा यातलं एक वाक्य जास्त कामाला येतं. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून महिनाभर खानदेशी घरांत भुलाबाई बसते; मुली तिची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखतात. त्या महिन्यात आज्यांना बोलवायला दुसरं निमित्त लागत नाही. खाऊ ओळखायचा खेळ तर आयताच आहे: डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, अंदाज करायचा. फक्त डब्यात अख्खे शेंगदाणे नकोत.

---

गोदाकाठ:
पावसाळ्यात नाशकात मोठी माणसं एकच विचारतात, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?" (गोदावरीच्या पात्रातली ही उंच मूर्ती; पूर किती, ते तिच्यावरून सांगतात.) मुलांच्या कानावर ते पडतंच. लहान मुलांना पुराच्या वेळी नदीवर नेण्याचा विचारही नको, पण मापन शिकवायला याहून चांगलं काही नाही. दोन लिटरची सरळ उभी पारदर्शक बरणी, तिच्यावर बाहेरून कागदाचा मारुती चिकटवायचा, पाय तळाशी. वाटीने पाणी ओतायचं: किती वाट्यांना गुडघा, किती वाट्यांना कंबर, किती वाट्यांना छाती? आधी अंदाज, मग मोजणी. खरा पाऊस पडला की ओट्यावर दुसरी बरणी ठेवून रोजची रेघ मारता येते. वस्तीतल्या एखाद्या जुन्या आजोबांना यात बसवा, मोठ्या पुरांची आठवण त्यांना असतेच आणि मुलं तेव्हा खरंच ऐकतात.

---

अंगणवाला:
वरच्या सगळ्यात एक उलटी वाट राहिली. माणूस येत नसेल तर मुलांना त्याच्या ओट्यावर न्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. सातपूरच्या गल्लीतही हे होतं. आठ मुलं, सोबत दोन मोठी माणसं, दोरीला गाठी मारून प्रत्येकाने आपली गाठ धरायची. मुख्य रस्ता ओलांडावा लागणार नाही असाच ओटा निवडा.

---

पाटीपेन्सिल:
सहमत, पण निघण्याआधी आणि परतल्यावर डोकी मोजायची. सुरक्षिततेचं आणखी काही, कारण कुणी लिहिलं नाही. पाहुणा कितीही ओळखीचा असो, त्याच्याजवळ मूल एकटं नसावं, ताई किंवा मदतनीस कायम दिसेल अशा जागी. वहीत नाव, वेळ, सही. मुलांना शी-शूला नेण्याचं काम पाहुण्याने करायचं नाही. फोटो काढलेच तर ताईंच्या फोनवर, पालकांना विचारून. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर सगळ्यांची तोंडं टाकू नयेत.

जानेवारीपासून द्राक्षांचे घड येतील, निफाड-दिंडोरीकडचे पाहुणे आवर्जून आणतात. अख्खं द्राक्ष पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, घशात अगदी घट्ट बसतं. उभं चिरून चार फोडी करायच्या. चिरणं मोठ्यांनी, घडातून मणी तोडून धुणं मुलांनी.

600 रुपयांचं: भाजी निवडायचा दिवस खिचडीच्या दिवशीच ठेवा, निवडलेलं त्याच पातेल्यात जाईल. त्याआधी हात साबणाने धुतलेले असावेत, नखं सोमवारी बघून ठेवा. वाती आणि माळा आज्या घेऊन जातील, नट-बोल्ट परत करायचे. मग खर्च उरतो माती, मैदा-मीठ आणि दोन बरण्यांचा. पाहुण्याला मानधन सुरू करू नका. रोजंदारीवरच्या माणसाचा मात्र तासाभराचा धंदा बुडत असेल तर भाजी तिच्याकडूनच विकत घ्या.

---

ओसरीवाली:
पहिला महिना मेथीवाल्या मावशी, मंगळवारी, सव्वादहाला, ओट्यावर, आठ-आठच्या तीन फेऱ्या. वयं मिसळून गट करू की वेगळे?

---

पाटीपेन्सिल:
मेथीला मिसळून. मोठ्याचं बघून लहान करतं, आणि मोठं मूल लहानाला दाखवताना स्वतः नीट करतं. मटार, बटणं आणि नट-बोल्टच्या दिवशी वेगळे. मावशींकडून जुड्या घेताना चार घ्या: तीन फेऱ्यांना तीन, चौथी ज्याला आत जायचं नसेल त्याच्यासाठी.