विषय: डब्ल्यूएसआयबीने क्लेम नाकारला, अपील कसं करायचं? (ओंटारिओ)

नमस्कार मंडळी,
आपल्या एका सभासदाची पाठीची दुखापत कामामुळे झालेली नाही, असं डब्ल्यूएसआयबीने (ओंटारिओतलं कामगारांना दुखापत-भरपाई देणारं मंडळ) कळवलंय. वेतनभरपाईही बंद. केस मॅनेजर म्हणतो, नवे रिपोर्ट पाठवा, पुन्हा बघतो. रिपोर्ट येईपर्यंत अपील थांबवावं का?

उत्तर:
ताई, मुळीच थांबू नका. 'पुन्हा बघतो' म्हटल्याने मुदत थांबत नाही. निर्णयपत्राच्या तारखेपासून सहा महिने मिळतात, पण कामावर परतण्याबाबतचा निर्णय असेल तर फक्त 30 दिवस. एकाच पत्रात दोन्ही असेल तर 30 दिवसच धरून चाला. 'इंटेंट टू ऑब्जेक्ट' (निर्णयाला हरकत असल्याचं कळवणारा) फॉर्म आत्ताच पाठवा, पुरावे मागाहून देता येतात. दुखापत नाकारणं आणि भरपाई बंद करणं हे दोन वेगळे मुद्दे आहेत, दोन्ही लिहा.

मग क्लेम फाइलची प्रत येते. त्यातला कामगाराचा फॉर्म 6, कंपनीचा फॉर्म 7 आणि डॉक्टरांचा फॉर्म 8 शेजारी ठेवून वाचा. दुखापतीची तारीख, ती कशी झाली, सुपरवायझरला कधी सांगितलं, यांत तफावत असेल तर नकाराचं मूळ बहुतेक तिथेच सापडतं.

खरी लढाई डॉक्टरांच्या पत्रावर असते. 'पेशंटला पाठदुखी आहे' एवढ्याने काही होत नाही. किती वजनाचे खोके, शिफ्टमध्ये किती वेळा, वाकून की वळून, हे कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. एमआरआयमध्ये मणक्यांची झीज दिसली की सगळं वयावर ढकललं जातं. म्हणून आधी त्रास होता का, कामामुळे काय बदललं आणि का, हे पत्रात स्पष्ट हवं. काम हे एकमेव कारण असावं लागत नाही, महत्त्वाचं कारण असलं तरी पुरतं. दोन्ही बाजूंचे पुरावे तुल्यबळ ठरले तर ओंटारिओच्या 1997 च्या कामगार सुरक्षा आणि विमा कायद्याचं कलम 119 कामगाराच्या बाजूने कौल देतं. अर्जात ते जरूर लिहा.

पुरावे पूर्ण झाल्यावरच 'अपील रेडिनेस' (अपीलसाठी तयार असल्याचं कळवणारा) फॉर्म द्या. डब्ल्यूएसआयबीकडच्या या अपीलमध्येही नकार आला तर सहा महिन्यांत स्वतंत्र ट्रायब्युनलकडे, म्हणजे डब्ल्यूएसआयएटीकडे जाता येतं.

उत्तर:
दादांनी लिहिलंय त्यात थोडी भर. युनियन नसेल तर 'ऑफिस ऑफ द वर्कर ॲडव्हायझर' फुकट मदत करतं. अपील केल्यावर कंपनीलाही फाइल मागता येते. कंपनीला वैद्यकीय कागद देण्याआधी कामगाराला हरकत विचारणारं पत्र येतं, ते बाजूला टाकू नका. आणि अपील चालू असताना कंपनीने हलकं काम देऊ केलं तर उत्तर लेखीच द्या. झेपत नसेल तर कुठली हालचाल जमत नाही ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर असहकाराचा ठपका बसतो.