औषधाचा अंमल उतरल्यावरची संध्याकाळ कशी सांभाळावी?

प्रश्न

माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. एडीएचडीचे (लक्ष टिकवणे आणि चंचलपणा आवरणे कठीण जाते त्या अवस्थेचे) निदान झाल्यानंतर बालमानसोपचारतज्ज्ञांनी दीड महिन्यापूर्वी मिथाइलफेनिडेटची साधी, म्हणजे कमी वेळ टिकणारी गोळी सुरू केली. एक सकाळी आठला घरी देतो आणि दुसरी दुपारी बाराला वर्गशिक्षिका देतात. शाळेत औषध लागू पडले आहे यात शंका नाही. वहीतले पान शेवटच्या ओळीपर्यंत भरलेले मी या महिन्यात पहिल्यांदा पाहिले. मात्र चार वाजून गेले की घरातले चित्र पालटते. काल बुटाची गाठ सुटेना म्हणून त्याने बूट भिंतीवर भिरकावला आणि पुढे अर्धा तास हुंदके देत बसला. दुपारी तो जेमतेम दोन घास खातो. सासूबाईंच्या मते औषधानेच पोर बिघडले आहे, ते बंद करावे. मला मात्र चार वाजता आणखी अर्धी गोळी द्यावीशी वाटते. नेमके काय चुकत असावे?

उत्तर १

आमची मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि आम्ही याच टप्प्यातून गेलो आहोत. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, त्यामुळे बाराच्या गोळीचा अंमल चारच्या सुमारास उतरणे स्वाभाविक आहे. तो उतरताना काही मुलांची चिडचिड आणि रडवेलेपणा मूळच्यापेक्षाही तीव्र होतो. डॉक्टर त्याला रिबाउंड म्हणतात. अर्धी गोळी आपल्या मनाने मुळीच देऊ नका. उशिरा दिलेल्या गोळीने झोप लांबते आणि भूक रात्रीच्या जेवणापर्यंत मेलेली राहते. आम्ही दोन आठवडे एक वही ठेवली. गोळी कधी दिली, मुलीने काय खाल्ले, भडका कधी उडाला आणि किती वेळ टिकला, एवढेच तिच्यात लिहीत होतो. ती पाहून डॉक्टरांनी आठ ते बारा तास टिकणाऱ्या प्रकारातले औषध दिले. तुमच्या मुलाला तेच मानवेल असे नाही, पण वहीमुळे बोलणे मुद्द्यावर येते. (तशी गोळी किंवा कॅप्सूल मिळाली तर ती चावू किंवा कुटू देऊ नका, सगळा डोस एकदम सुटतो.) भुकेपुरते सांगायचे तर सकाळची गोळी पोटभर खाल्ल्यानंतर द्यावी आणि औषध उतरल्यावर परत येणाऱ्या भुकेला आधीपासून तयार राहावे. आमच्याकडचे निम्मे भडके खरे तर भुकेचे होते.

उत्तर २

मी शाळेत समुपदेशक आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि सहा वर्षांनंतर औषध व वर्तनोपचार यांची जोड घालावी, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या, 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमटीए या अभ्यासात सात ते नऊ वर्षांची 579 मुले होती. त्यात ज्यांना दोन्ही उपचार मिळाले, त्यांचे सरासरी कमी मात्रेत भागले. तुमच्या पत्रात औषधाच्या वेळा आहेत, पण चार ते सहा या वेळेची काहीच आखणी दिसत नाही, हे मला खटकले. या दोन तासांत अभ्यास, आंघोळ, आवराआवर यांपैकी काहीही मागू नका. बुटाची गाठ तो घरात शिरतानाच तुम्ही सैल करून द्या. गाठ सोडायला शिकवायचेच असेल तर सुट्टीच्या दिवशी, औषधाचा अंमल असताना शिकवा. सूचना एका वेळी एकच द्यावी, तीही दुसऱ्या खोलीतून ओरडून नव्हे, तर जवळ जाऊन. ‘शहाणा आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘बूट जागेवर ठेवलास’ हे त्याच क्षणी म्हटलेले अधिक उपयोगी पडते, कारण या वयात, त्यातही या मुलांना, रविवारी मिळणारे बक्षीस फार दूरचे असते. भडका उडाल्यावर समजावणे व्यर्थ आहे. सुरक्षित जागा द्या आणि कमी बोला.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे पटतात, तरी सगळा दोष रिबाउंडवर टाकण्याची घाई नको. वेळ पाहा. औषध उतरताना रडू येणे निराळे, आणि गोळी घेतल्यावर तास-दोन तासांत, ऐन अंमलात, मूल सुन्न, गप्प किंवा रडवेले होणे निराळे. दुसऱ्या प्रकारात मात्रा जास्त होत असल्याची शक्यता असते आणि ते डॉक्टरांना लगेच कळवावे. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद प्रत्येक भेटीत होते का, हेही विचारा. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत न्या. त्यांची शंका सुनेने सोडवण्यापेक्षा डॉक्टरांनी सोडवलेली बरी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. चार दिवसांची वही झाली आहे. तीन दिवस भडका चार वाजून दहा ते वीस मिनिटांनी उडाला. चौथ्या दिवशी शाळेतली गोळी एक वाजता दिली गेली होती आणि त्या दिवशी पाच वाजेपर्यंत घर शांत होते. हे पान सासूबाईंनी स्वतः दोनदा वाचले. मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्या सोबत येणार आहेत.