आल्टेनाचे नगराध्यक्ष: गाव सावरले की नाव कमावले?

रूरकाठ: 'चिकित्सक' यांनी काल लिहिले की, जर्मनीतल्या आल्टेना गावाचे माजी नगराध्यक्ष आंद्रेआस हॉलश्टाइन यांनी गाव ओस पडू दिले, निर्वासितांच्या जिवावर नाव कमावले आणि शेवटी डॉर्टमुंड या मोठ्या शहराच्या महापौरपदाच्या खुर्चीकडे धाव घेतली. हे वाचून गप्प बसवेना. लेन्ने नदीकाठचे, तारा ओढण्याच्या कारखान्यांवर जगणारे हे गाव १९७० च्या सुमारास ३२ हजार वस्तीचे होते, आता ते जेमतेम १७ हजारांवर आले आहे. पण ही गळती १९९९ मध्ये हॉलश्टाइन निवडून येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. २०१५ मध्ये सरकारी वाटपात गावाच्या वाट्याला आले त्यापेक्षा शंभर निर्वासित त्यांनी जास्त मागून घेतले आणि छावणीत न कोंबता गावातल्या रिकाम्या घरांत त्यांची सोय केली.

चिकित्सक: रिकामी घरे भरली म्हणून बंद दुकाने उघडत नाहीत. याच गृहस्थांच्या कारकिर्दीत, २०१४ मध्ये, डोंगराच्या पोटात बोगदा खोदून किल्ल्यावर जाणारी लिफ्ट झाली. डबघाईला आलेल्या गावाने असले चोचले का करावेत?

गुडघेदुखी: लिफ्टला नावे ठेवू नका! जगातले पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह ज्या किल्ल्यात सुरू झाले, तो पाहायची माझ्या सासूबाईंची फार इच्छा होती आणि पायऱ्या पाहूनच त्या मटकन बाकावर बसल्या असत्या. बोगद्यातून काठी टेकत गेल्या, वर अंगणात उतरल्या आणि खाली येऊन आम्ही सहा जणांनी गावातच जेवण घेतले. ते पैसे गावालाच मिळाले ना?

चिकित्सक: तुमच्या सासूबाई एकदा जेवल्या; तिथला रहिवासी बारा महिने कर भरतो. पर्यटकाच्या डोळ्यांनी कारभार मोजायचा असेल तर चर्चाच खुंटली.

गुडघेदुखी: आणि घरबसल्या मोजायचा असेल तर? आपण आल्टेनाला कधी गेला होतात, तेवढे सांगा.

रूरकाठ: लिफ्ट पुरे. २७ नोव्हेंबर २०१७ च्या संध्याकाळी कबाबच्या दुकानात एकाने हॉलश्टाइन यांच्या गळ्यावर चाकू चालवला, कारण हेच निर्वासितांचे धोरण. दुकानदार बापलेकांनी हल्लेखोराला आवरले म्हणून ते वाचले. हागेन शहरातल्या न्यायालयाने आरोपीला दोन वर्षांची, तीही स्थगित, शिक्षा दिली. हॉलश्टाइन मात्र २०२० पर्यंत त्याच कचेरीत बसले. नाव कमावणारा माणूस इतके सोसत नाही.

चिकित्सक: त्यांच्या धैर्याबद्दल मी ब्र काढलेला नाही, आणि ती शिक्षा मलाही हलकी वाटते. परंतु चाकूचा वार झेलल्याने अंदाजपत्रक सुधारत नाही. २०२० मध्ये डॉर्टमुंडच्या मतदारांनी महापौरपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत त्यांना नाकारून सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचाच उमेदवार निवडला, हेही विसरू नये.

रूरकाठ: दुसऱ्या महायुद्धानंतर सलग त्याच पक्षाला निवडणारे शहर ते! तिथे उभे राहणाऱ्याला आपण खुर्चीचा लोभी म्हणता?

चिकित्सक: बरे, 'धाव घेतली' हे शब्द मागे घेतो. लिफ्टबद्दलचे मागे घेणार नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.